धरली, सोड

"तो पाय धरा नं जरा," पंचफुला म्हणाली, "खाट कुरकुरून राहिली."

"धरलाच हाय वं," नत्थूजी म्हणाला. "थोच आयकत नाही."

खरोखरच त्यानं उजवा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. तरी पाऊल आपलं पुढं जात होतं आणि मागं येत होतं. रविवारची दुपार, बाहेर वैशाखाचं ऊन. सक्करदऱ्याच्या तळ्यावरचा वारासुद्धा तापून निघालेला. अशा वेळी सगळी वस्ती दारं लोटून घोरत पडली होती आणि नत्थूजी तेवढा डोळे टक्क उघडे ठेवून आढ्याकडं बघत होता. डोळ्याला डोळा न लागल्याचा आज एकोणिसावा दिवस होता.

नत्थूजी कचेरीतला पंखेवाला. साहेबाच्या टेबलाच्या वर छताला झालरीचा लांबलचक पंखा टांगलेला असायचा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून वऱ्हांड्यात यायची, आणि ती दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून नत्थूजीनं बावीस उन्हाळे काढले. आत साहेब टेबलावर डोकं ठेवून डुलकी घेई, तीही नत्थूजीच्या पायाच्या जिवावर. नत्थूजीनं स्वतः दोरी ओढताना एकदाच डुलकी घेतली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. साहेबानं बाहेर येऊन सुरईभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि सगळी कचेरी हसली. त्यानंतर दोरी अंगठ्यात असेतो त्याची पापणी म्हणून लवली नाही.

कामावर जोडीदार होता, पारशिवनीचा कवडू. दोघं आळीपाळीनं दोन-दोन तास बसत. पंखा थांबला की साहेब जागा होणार आणि सगळ्यांचा उद्धार करणार, म्हणून दोरी एकानं दुसऱ्याला चालतीच द्यावी लागे. आलेल्यानं शेजारी बसायचं, बसलेल्याच्या पायाच्या वर दोरी हातानं धरायची, तीन हेलकावे दोघांनी मिळून ओढायचे आणि म्हणायचं, "धरली गा, सोड." हे शब्द कानावर पडले की नत्थूजी तिथंच भिंतीकडं तोंड करून आडवा व्हायचा आणि पाठ टेकायच्या आत घोरायला लागायचा. झोपेच्या बाबतीत माणूस मोठा भाग्यवान होता.

सव्वीस सालच्या त्या चैत्रात कवडू लेकीच्या लग्नाला गावी गेला आणि इकडं कचेरीत विजेचे पंखे आले. मिस्त्री शिडी लावून चढला आणि त्यानं झालरीच्या पंख्याची दोरी आतून कापली. बाहेर वऱ्हांड्यात नत्थूजीचा पाय सवयीनं पुढं गेला तो जातच राहिला, आणि दोरी हलकी होऊन त्याच्या मांडीवर येऊन पडली. त्याला कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी हेडक्लार्क म्हणाला, उद्यापासून तू विहिरीचं पाणी भर. नत्थूजीनं दोरीचं भेंडोळं केलं, घरी आणलं, खुंटीला टांगलं, आणि त्या दिवसापासून त्याची झोप गेली.

पंचफुलेनं उपाय करायचे काही बाकी ठेवले नाहीत. काशाच्या वाटीनं तळवे काळे होईतो घासले. दुधात जायफळ उगाळून पाजलं. ते पिऊन नत्थूजीचं डोकं जड झालं, पाय मात्र हलका तो हलकाच. शेजारच्या भजनी बुवांनी सांगितलं, नाव घेत पडून राहा. तर एक नाव ओढताना आणि एक नाव सोडताना असा ताल धरला गेला आणि पाय दुप्पट जोरानं चालू लागला. पंचफुला त्याच्या पायथ्याशी बसून पाय दाबत राही. तिच्याही डोळ्याला डोळा नव्हता, पण तिला ते कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण परवा विहिरीवर घागर ओढताना नत्थूजीच्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि तो काठावरून आत झुकला. पाणी भरणाऱ्या दुसऱ्या गड्यानं धोतराचा काष्टा धरला म्हणून वाचला. हे पंचफुलेच्याही कानावर आलं होतं. उद्या सोमवार, उद्या पुन्हा तीच विहीर होती.

दारावर थाप पडली. दारात कवडू उभा होता, खांद्यावर कैऱ्यांचं गाठोडं. लग्न आटोपून, पंख्यांची बातमी ऐकून, कचेरीच्या आवारात राहिलेली आपली भांडीकुंडी न्यायला तो आला होता आणि परतीची बैलगाडी दिवस कलायला निघणार होती.

"वहिनी, याचं तोंड काहून असं उतरलं?" त्यानं विचारलं.

पंचफुलेनं सगळं सांगितलं, विहिरीसकट. सांगता सांगता तिला रडू आलं. कवडूनं तो हलता पाय निरखून पाहिला.

"दोरी कापली तवा तू बसला होता?"

"हो. माहीच वेळ होती."

"मंग तुले सोड कोणी म्हटलं?"

"कोण म्हणन? तू तर पारशिवनीले."

"मंग तू अजून बसूनच हायेस लेका," कवडू म्हणाला. "सुटलाच कुठं तू?"

तो उठला. त्यानं आढ्याला बांबू आडवा बांधला, त्यावर पंचफुलेची जुनी गोधडी टाकली आणि खुंटीवरची दोरी काढून बांबूला गाठ मारली. नत्थूजी म्हणाला, "हे काय पोरखेळ लावला गा?" पण दोरी अंगठ्यात येताच तो भिंतीला टेकून नीट बसला. गोधडी झुलू लागली. एकोणीस दिवसांत प्रथमच तो पाय काहीतरी ओढत होता. घामेजलेल्या तोंडांना वारा लागला.

कवडू थोडा वेळ थांबला. मग शेजारी बसला, नत्थूजीच्या पायाच्या वर दोरी हातानं धरली. एक हेलकावा, दुसरा, तिसरा.

"धरली गा, सोड."

नत्थूजीच्या अंगठ्यातून दोरी सुटली. त्यानं भिंतीकडं तोंड केलं, एक लांब श्वास सोडला, आणि पंचफुला त्याच्या डोक्याखाली उशी सरकवते तोवर तो घोरत होता. पाय अंगाशी घेतलेला, निश्चल. पंचफुलेला वाटलं, आपल्या छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवला.

ऊन कलू लागलं तशी कवडूची चुळबूळ सुरू झाली.

"वहिनी, गाडी निघून जाईन माही. पण आता हे सोडू कसं? थांबलं अन् जागला तर?"

मग पंचफुला पदर खोचून पुढं आली, कवडूच्या हाताच्या वर दोरी धरली, आणि तीन हेलकावे मोजून कुजबुजली, "धरली भाऊजी, सोडा."

कवडूनं हसू दाबलं, कैऱ्या कोपऱ्यात ठेवल्या आणि दार हलकेच लोटून गेला.

नत्थूजी जागा झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. अंग झोपेनं हलकं झालेलं, डोकं धुतल्यासारखं स्वच्छ. वारा लागतच होता. त्यानं वळून पाहिलं तर दोरी पंचफुलेच्या हातात होती. तिचे डोळे मिटले होते, मान एका बाजूला पडली होती आणि हात तेवढा चालू होता. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याला आज दिसली. ती इतके दिवस तिथंच असणार. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो हळूच सरकला आणि तिच्या हाताच्या वर दोरी धरली. तीन हेलकावे दोघांनी मिळून ओढले.

"धरली वं, सोड."

तिनं डोळेही उघडले नाहीत. होती तिथंच आडवी झाली, त्याच्या मांडीला पाठ लावून.

नत्थूजी ओढत राहिला. तिचा श्वास जड होईपर्यंत ओढला, आणि त्यानंतरही थोडा वेळ. मग बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. पुढं कोणाच्या हाती न देता दोरी सोडून दिली. गोधडी एकदा इकडं गेली, एकदा तिकडं गेली आणि थांबली. नत्थूजीनं सवयीनं दाराकडं पाहिलं.

कोणी ओरडलं नाही. पंचफुला घोरत होती.