साक्षीदाराचं मौन

आईला तिचं घर वहिनींच्या नावे करून ठेवायचं होतं. घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूची अरुंद गॅलरी. थोरला भाऊ गेल्यापासून अकरा वर्षं वहिनीच आईचं सगळं करत होत्या. औषधं, अंथरूण, केस विंचरणं, रुसवे काढणं. धाकटा परगावी. महिन्याला फोन करायचा, तोही घाईत.

"पोरगा वाईट नाही," आई म्हणायची, "पण त्याला घर दाखवलं की तो त्याची किंमत सांगतो. मी डोळे मिटले की ही बाई रस्त्यावर येईल."

माझी हरकत नव्हती. मी दोन गल्ल्या पलीकडे माझ्या जागेत राहते, एकटीला तेवढं पुरतं. आईने सांगितलं तसं मृत्युपत्र मीच टाईप करून आणलं. साक्षीदार दोन : इमारतीखालचा शिंपी आणि मी. आता फक्त नोटरीने घरी येऊन सह्या स्वतःसमोर घ्यायच्या आणि शिक्का मारायचा, एवढंच उरलं होतं.

कोर्टाबाहेर नोटरींची टेबलं ओळीने मांडलेली असतात. पहिल्याच टेबलामागच्या माणसाने विचारलं, "पेशंट घरी आहे ना? मग फी वेगळी पडेल." आणि मागच्या दरफलकावर लिहिलेल्या रकमेच्या सहापट आकडा सांगितला.

मी म्हटलं, "फलकावर तर वेगळं लिहिलंय."

"फलक भिंतीसाठी असतो, बाई. आज दुपारी येतो. पाच मिनिटांचं काम. कुणाला काही विचारत बसत नाही मी."

घरी येऊन सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, देऊन टाकू या. माझे साठवलेले आहेत थोडे."

"प्रश्न पैशांचा नाही, वहिनी. अडलेल्याला नाडणाऱ्याच्या हातावर आपणच पैसे ठेवायचे, म्हणजे त्याच्या पापात आपलाही वाटा."

वहिनी आईचं औषध काढायला आत गेल्या. मी मात्र ते वाक्य मनातल्या मनात आणखी एकदा म्हणून पाहिलं. छान वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू.

रास्त फी घेणारा माणूस शोधण्यात आठ दिवस गेले. शेवटी एका वह्या-कागदांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेल्यावर, एक म्हातारे नोटरी सापडले. टेबलावर कापडात गुंडाळलेला शिक्का, शेजारी जाडजूड नोंदवही. दराचा कागद त्यांनी स्वतःच माझ्यापुढे सरकवला. "एवढेच. घरी आलो तरी एवढेच. फक्त घरी यायचं तर सोमवारी नाहीतर गुरुवारी, सकाळी आठला. नऊला मला इथं बसावं लागतं."

मला भरून आलं. म्हटलं, देवानेच दाखवला हा माणूस. सकाळी आठ म्हणाले तेव्हा क्षणभर पाल चुकचुकली होती, पण मी लक्ष दिलं नाही.

सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षांचा नेम. आजारपणात मोडला नाही, थोरला गेला त्या सकाळीही मोडला नाही. अडलंच तर जवळ छोटी वही असते, तिच्यात लिहून दाखवते. साक्षीदाराला काय, सही तर करायची, असा माझा समज.

सोमवारी नोटरी जिना चढून धापा टाकत आले. आईला वहिनींनी धुतलेलं पातळ नेसवून, उशीला टेकवून बसवलं होतं. शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच. नोटरींनी कागद आधी स्वतः वाचला, मग मोठ्याने वाचून दाखवला आणि आईला विचारलं, "हे तुमच्या मनाने करताय?"

"मग काय शेजारणीच्या मनाने?" आई म्हणाली. सगळे हसले.

मग त्यांनी शिंप्याला विचारलं, "या बाईंना ओळखता? त्या शुद्धीत आहेत, कुणाचा दाब नाही, हे तुमच्या तोंडाने सांगा."

"सत्तावीस वर्षं ओळखतो. दाब त्यांचाच असतो आमच्यावर. शुद्धीत आहेत, दाब नाही."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

मी मान हलवली. त्यांनी थांबून पाहिलं. मी वहीत भराभर लिहिलं, 'माझी आई आहे. तिची इच्छा आहे. दाब नाही. माझं दहापर्यंत मौन असतं.'

त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं. "बाई, तुमच्या नेमाचा मला आदर आहे. पण एकदा माझ्यापुढे एका साक्षीदाराने असंच लिहून दिलं होतं. नंतर कळलं, शेजारच्या खोलीत त्याला कुणीतरी धमकावून बसवलं होतं. तेव्हापासून कानाने ऐकल्याशिवाय शिक्का मारत नाही. दोन शब्द बोला, बास."

शिंपी म्हणाला, "अक्का, मौनाला आठवड्याची सुट्टी नसते का हो?" मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "माझ्या बायकोला बोलावू?"

"कागदावर नाव यांचं आहे," नोटरी म्हणाले. "नाव बदलायचं तर कागद नवा लागेल."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. वहिनी दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. माझ्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर मी बोलले असते का? पुष्कळदा विचारलंय स्वतःला. शब्द ओठांशी आला होता, एवढं खरं. पण एकोणीस वर्षं, हा आकडाही तिथेच आडवा उभा होता.

तेवढ्यात आईच म्हणाली, "राहू द्या हो. पोरीचा नेम मोडायला नको. मी काय आज निघालेय? गुरुवारी या."

मला सुटल्यासारखं झालं. नोटरींनी शिक्का कापडात गुंडाळला, फी घेतली नाही, चहाही घेतला नाही. जाताना म्हणाले, "गुरुवारी नेम थोडा पुढे-मागे करा."

दहा वाजल्यावर माझं पहिलं वाक्य आईशीच होतं. "आई, गुरुवारी बोलेन गं."

"बोल हो. देव काही घड्याळ घेऊन बसलेला नसतो," ती म्हणाली, आणि डोळे मिटून पडली.

बुधवारी तिन्हीसांजेला वहिनी तिला पाणी पाजत होत्या. पाणी ओठाच्या कडेने खाली सांडलं. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, थोडेच दिवस आहेत.

गुरुवारी नोटरी आठला आले. मी दारातच, त्यांनी विचारण्याआधी, बोलायला लागले. "मी ओळखते, ती माझी आई आहे, तिची इच्छा आहे, कुणाचा दाब नाही..." सकाळच्या वेळी माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. घोगरा, मोठा. थांबेचना.

ते आईजवळ बसले. दोनदा, तीनदा विचारलं, "हे तुमच्या मनाने करताय ना?" आईने डोळे उघडले. घशातून काहीतरी आलं, पण त्याचा शब्द झाला नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

नोटरींनी तिचा हात हळूच पांघरुणाखाली ठेवला. "बाई, आता माझ्या हातात नाही," ते म्हणाले. जिन्यात त्यांची पावलं फार सावकाश ऐकू आली.

आई पुढच्या सोमवारी गेली.

धाकट्याने भांडण केलं नाही. कागद आहे का, एवढंच विचारलं. मी टाईप केलेला कागद दाखवला. तो म्हणाला, "अक्का, यावर काहीच नाही." खरंच काही नव्हतं. माझा वाटा मी वहिनींना देऊ केला. त्या म्हणाल्या, "वन्सं, अर्ध्या घरात कुठलं दार उघडून राहू?" घर विकलं गेलं. आता त्या लॉंड्रीच्या वरच्या एका खोलीत राहतात आणि खाली कपड्यांना इस्त्री करतात. मला त्यांनी आजवर एक शब्द बोल लावलेला नाही.

दिवा लावणं, जप, बाकीचे नेम चालू आहेत. सकाळचं मौन मी सोडलं. देवाला तसं सांगितलं. त्याने काही म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी आठच्या सुमाराला वहिनींकडे गेले. इस्त्री तापत होती, खोलीभर वाफेचा वास. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि सवयीने कोनाड्यातला पेन माझ्या हातात द्यायला घेतला.

"नको, वहिनी. आता मी सकाळी बोलते."

त्यांनी पेन परत ठेवला. एक सदरा फळीवर पसरून त्यावर पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग बोला ना, वन्सं. काय म्हणता?"