कोरडी एकोणिसावी

माघ. शेवऱ्याच्या खाडीवर धुकं. धुक्यात कांदळवन, कांदळवनात बगळे, बगळ्यांच्या पायाशी ओहोटीनं उघडा केलेला श्यामल, स्निग्ध, सुस्त चिखल. आणि या सगळ्याच्या वर, धुकं भेदून, पाच मजली घराएवढी उंच, गंजवर्णा, निश्चल अशी एक नौका.

पाण्यात नव्हे. जमिनीवर.

पाठ पाण्याकडे, नाक डोंगराकडे. काँक्रीटच्या उतारावर, लाकडी ठोकळ्यांवर, भरतीच्या रेषेपासून साठ पावलांवर. नऊ वर्षं.

ती साठ पावलं विश्राम मेस्त्री रोज चालतात. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी चालतात. कंपनी बंद पडली, पहारेकरी गेले, कुंपणाची तारसुद्धा लोकांनी गुंडाळून नेली. मेस्त्री मात्र सकाळी येतात, नौकेच्या पोटाखाली उभे राहतात, वर हात करून पोलादाला तळवा लावतात.

थंड. कोरडं.

मग घरी जातात. त्यांचं मागणं एवढंच आहे, की आपण जाण्याआधी ही भिजावी. एकदा. एकदाच.

एक.

पहिली बार्ज होती, माल वाहणारी. बसकी, रुंद, कुरूप, लाडकी. मुंबईहून जयवंत केणी नावाचे इंजिनिअर आले, खाडीकाठची माडांची बाग घेतली, फाटकावर ‘जलदा शिपबिल्डर्स’ अशी पाटी लावली, आणि गावात विचारलं, होड्या कोण बांधतं?

होड्या विश्राम बांधत. त्यांचे वडील बांधत, आजे बांधत. फणसाचं, सागाचं लाकूड. बत्तिसाव्या वर्षी विश्राम लाकडाकडून लोखंडाकडे आले, आणि पहिले सहा महिने हातांना लाकडाचा वास येईना म्हणून त्यांना चुकल्यासारखं झालं. लाकूड वास देतं. लोखंड आवाज देतं. हे कळलं तेव्हा त्यांनी एक छोटा हातोडा घेतला आणि सांधा न् सांधा ठोकून ऐकू लागले. पक्का सांधा घंटेसारखा बोले, कच्चा मडक्यासारखा. वेल्डर पोरं कॅन्टीनमध्ये त्यांच्यापुढे ताट सरकवून विचारायची, “मेस्त्रीनू, भाकरेचो पण आवाज घेतास काय?” मेस्त्री भाकरीवर टिचकी मारून, मान हलवून, गंभीरपणे म्हणायचे, “पुन्ना भाजा.”

पण एक गोष्ट त्यांनी लाकडाकडून लोखंडाकडे जशीच्या तशी आणली.

त्यांच्या घराण्यात नव्या होडीचा कणा मांडताना त्यावर तांब्याभर पाणी ओतत. पाणी कुठलंही नाही. आधीची होडी ज्या दिवशी पहिल्यांदा तरंगली, त्या दिवशी तिच्या कुशीजवळून भरून घेतलेलं, झाकून ठेवलेलं, जपलेलं पाणी. थोरलीचं पाणी धाकटीला. ज्येष्ठेची ओल कनिष्ठेला. म्हणजे एक भिजल्याशिवाय दुसरीचा जन्म नाही. कुणी लिहिलेलं नव्हतं. कुणी मोडलेलं नव्हतं.

केणींना ते आवडलं. पहिल्या बार्जचं पाणी त्यांनी स्वतः भरलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून.

सात.

सातवी टग होती, मोठी जहाजं ओढणारी. आखूड, आडदांड, अधीर. ती पाण्यात सुटली त्या दिवशी शाळेला सुट्टी.

बारा.

बारावी परदेशी गेली. कुठल्याशा शुभ्र, शीतल, दूरस्थ समुद्रावर, जिथं पाणी गोठतं म्हणे. मेस्त्रींनी तिच्या पोलादावरून हात फिरवून तिला मनातल्या मनात सांगितलं, थंडी जपून गो.

मग वैभव आलं. वैभव असं आलं, की खाडीच्या त्या तीरावरून रात्रपाळीच्या ठिणग्या पाहणाऱ्यांना वाटे, इकडे रोजच दिवाळी आहे. निळ्या ठिणग्या, पांढऱ्या ठिणग्या, पाण्यात पडून विझणाऱ्या सोनेरी ठिणग्या. सहाशे माणसं. दोन पाळ्या. गावात बँक, बँकेसमोर मिठाईचं दुकान, मिठाईच्या दुकानासमोर मोटारसायकलींचं. जलदाचा शेअर बाजारात आला, तेव्हा केणींनी सगळ्यांना पेढे वाटले. शेअर म्हणजे काय ते मेस्त्रींना समजलं नाही; पेढा समजला.

अठरा.

अठरावी गेली. तिचं पाणी तांब्यात राहिलं.

एकोणीस.

एकोणिसावी सगळ्यांत मोठी. समुद्रात तेल काढणाऱ्यांसाठी. तिच्या कण्यावर अठरावीचं पाणी ओतलं, तेव्हा ते वाहत वाहत पार टोकाला पोचायच्या आत उन्हानं सुकलं, इतका तो कणा लांब.

तिचे बाजूचे पत्रे चढले. खलाशांच्या खोल्यांचा बुरूज चढला. तळ मात्र मधल्या भागात नुसत्या कच्च्या टाक्यांवर होता. शिंपी जसा आधी कच्चे टाके घालून कापड जुळवतो आणि मग शिवण मारतो, तसे वेल्डरही आधी थेंब थेंब टाके मारतात आणि सांधा नंतर सलग भरतात. तो सलग भरण्याचा दिवस यायचा होता.

त्याऐवजी केणी आले.

जगात कुठेतरी काहीतरी कोसळलं होतं. मालवाहतूक मंदावली, पोलाद महागलं, कर्जाची तारीख अंगावर आली. केणींनी समजावून सांगितलं, शांतपणे, चष्मा पुसत. नव्या नौकेचा कणा मांडला, की तिचं गिऱ्हाईक पहिला हप्ता देतं. त्या हप्त्यात एकोणिसावीचं पोलाद येईल. तर वेल्डर इकडून काढा. उद्या वीसचा कणा मांडायचा.

मेस्त्रींनी एकोणिसावीकडे पाहिलं. मग म्हणाले, “एकोणीस अजून सुकी आसा, साहेबांनू. तांब्यात पाणी खयचा घालू?”

केणी हसले नाहीत. चिडलेही नाहीत. खाडीकडे पाहत म्हणाले, “नळाचं घाला, मेस्त्री. पाणी ते पाणी.”

मेस्त्री नाही म्हणू शकले असते. पण त्या तांब्यात त्या दिवशी सहाशे चुली होत्या. त्यांनी कॅन्टीनमागचा नळ सोडला. तांब्या भरला. क्लोरीनचा वास आला.

वीस.

कणा. नळाचं पाणी.

एकवीस.

कणा. नळाचं पाणी.

बावीस. 

कणा.

तेवीस.

या वेळी नळालाही पाणी नव्हतं. मेस्त्री रिकामा तांब्या कण्यावर वाकडा करून उभे राहिले, गिऱ्हाइकाला पाठवायच्या छायाचित्रापुरते.

आता चार कणे. चार उघडे, एकाकी, आडवे कणे, वाळवंटात मरून पडलेल्या महाकाय जनावरांसारखे. आणि त्यांच्या मधोमध अर्धी शिवलेली एकोणिसावी. वीसच्या हप्त्यात एकोणीसचं पोलाद आलं, ते एकवीसला गेलं. एकवीसच्या हप्त्यात पगार झाले. बावीसच्या हप्त्यात व्याज. तेवीसचा हप्ता आलाच नाही. गिऱ्हाइकं एकामागून एक मागे फिरली. पहिलं कागदानं, दुसरं वकिलानं, तिसरं नुसत्या मौनानं.

शेवटच्या दिवशी केणी फाटकाशी उभे राहिले. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन, त्याचं नाव घेऊन निरोप देत होते. दोनशे माणसांनंतर नावं आठवेनात. मग नुसतेच हात जोडून उभे राहिले. उरलेली चारशे माणसं त्या जोडलेल्या हातांसमोरून, मान खाली घालून, निघून गेली.

पुढल्या पावसात केणी गेले. मुंबईत, भाड्याच्या घरात. बातमी गावात आली तेव्हा मेस्त्रींना त्यांच्यावरचा राग आठवेना. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट आठवली.

एकोणीस.

पुन्हा एकोणीस. कारण बाकी सगळं गेलं आणि तीच राहिली.

या माघात कोल्हापूरकडचे शिरोळे आले. भंगाराचे ठेकेदार. बँकेनं लिलाव केला, नौका त्यांनी घेतली. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या मेस्त्रींच्या पडवीत बसले, चहा प्याले, आणि सरळ विचारलं. इथं उभी कापायची तर क्रेन आणा, मशिनरी आणा, फार खर्च. त्यापेक्षा अमावास्येच्या उधाणाला उतारावरून पाण्यात सोडायची, टगला बांधायची, आणि उत्तरेला जिथं जहाजं मोडतात तिथं ओढून न्यायची. पण सोडायची कशी, ठोकळे कुठल्या क्रमानं काढायचे, घसरण्यासाठी उतारावर चरबी किती लावायची, हे जाणणारा आता एकच माणूस उरलाय म्हणतात.

मेस्त्रींनी बशी खाली ठेवली.

नऊ वर्षांचं मागणं न मागता दारात आलं होतं. मोडायलाच जाणार होती ती. पण तरंगत जाणार होती. खाडीतून, खाडीच्या मुखातून, निळ्या, निःसीम, निनादत्या पाण्यावरून. त्यांनी बोटांवर तिथी मोजली. पाच दिवस. शिरोळ्यांना उतारापाशी सोडून ते घरी आले तेव्हा त्यांची बायको चंद्रभागाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, “अवो, चाल बदलली तुमची. खयचा लगीन ठरला?”

मेस्त्री हसले. किती वर्षांनी. म्हणाले, “एकोणिसाव्या पोरीचा.”

दुपारी ते एकटेच नौकेच्या पोटात उतरले.

आत अंधार. ओलसर नव्हे, शुष्क, धातुगंधी, घुमणारा अंधार. मेस्त्री बॅटरी घेऊन मधल्या भागात गेले, गुडघे टेकले, तळाला हातोडा लावला.

मडकं.

पुढं सरकले. मडकं. आणखी पुढं. मडकं, मडकं, मडकं. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. नऊ वर्षं ठाऊक होतं. फक्त नऊ वर्षं ते पोटाखाली उभे राहत होते, पोटात उतरत नव्हते. त्यांनी खिशातली पोलादी पट्टी काढून सांध्यात सरकवली. पट्टी गेली. बोटाच्या पेरापर्यंत गेली, मग पूर्ण गेली, आणि खाली काँक्रीटवर पडल्याचा आवाज आला.

टाके गंजानं खाल्ले होते.

ते तिथंच बसले. हिशेब सोपा होता. उतारावरून ती सुटेल, डौलात सुटेल. पाण्याला भिडेल, लाट उठेल, गाव टाळ्या वाजवील. पाऊण तास तरंगेल. कदाचित तासभर. मग मधोमध, जिथं खाडी अरुंद आहे, तिथं बसेल. आणि गावातल्या चाळीस होड्यांची समुद्राची वाट तिच्या कलेवरानं कायमची बुजेल.

पाऊण तास.

अंधारात म्हाताऱ्यानं त्या पाऊण तासाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. भुकेल्यानं शेजारच्या ताटाकडे पाहावं तसं पाहिलं. शिरोळ्यांना कळणार नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं. मडक्याचा आवाज ऐकू येणारे कान गावात दोनच होते, आणि ते त्यांच्या स्वतःच्या डोक्याला होते.

मग ते वर आले. उन्हात डोळे चोळत शिरोळ्यांपाशी गेले आणि सांगितलं, तळ पुरा नाही, अशी सोडली तर खाडीत बसेल. पाच वेल्डर द्या, पंधरा दिवस द्या, मी पुरा करून घेतो. मग सोडू, पुढल्या पौर्णिमेला.

 शिरोळे आवाज मऊ करून म्हणाले, “मेस्त्री, जे कापायचं ते आधी शिवून देऊ म्हणता व्हय?”

वारा पडला होता. दूर कुणीतरी जाळं झटकत होतं.

“नाय,” मेस्त्री म्हणाले. आणि हातोडा खिशात घालत, “मगे हयसरच कापा.”

अमावास्येला गॅसची नळकांडी आली. उधाणाचं पाणी उतारावर जितकं चढायचं तितकं चढलं होतं, चमकत होतं. कापणाऱ्यांनी विचारलं, कुठून सुरू करू? मेस्त्रींनी खडू मागितला. पाण्याकडच्या बाजूला, शिडीवर चढून, त्यांनी एक चौकोन आखला. रेघ थरथरली नाही. असं कापलं तर वरचा भार कुणाच्या अंगावर येत नाही, एवढंच म्हणाले, आणि खाली उतरून नौकेच्या पोटात जाऊन बसले. कुणी त्यांना बाहेर बोलावलं नाही.

बाहेर ज्योत फुसफुसली. आतल्या काळोखात एक लाल रेघ उमटली, वळली, खाली आली, पुन्हा वळली. चारही बाजू जुळल्या.

पत्रा पडला. त्याचा गंभीर, दीर्घ, दुःखगर्भ नाद कांदळवनावरून जात जात पैलतीराला लागला.

आणि त्या चौकोनातून ऊन आत आलं. सरळ आकाशातलं नव्हे. भरल्या खाडीवर पडून, खाडीवरून उसळलेलं. त्या पोलादी पोटाच्या छतावर, भिंतींवर, न भरलेल्या सांध्यांवर, खाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांवर पाण्याच्या लाटा हलू लागल्या. सोनेरी लाटा, चंचल लाटा, बिनपाण्याच्या लाटा. हलत होत्या, फुटत होत्या, पुन्हा जुळत होत्या.

मेस्त्रींनी हात वर केला. तळव्यावरून एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी.

मग ओहोटी लागली. आणि लाटा भिंतीवरून हळूहळू, हळूहळू, हळूहळू उतरत गेल्या.