टाकीखालचा गारवा

जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक दरसाल शिलकी असायचं. शिल्लक नसली तरी शिलकी! ही किमया लेखापाल तोताराम नानांची. तूट दिसली की नाना एखाद्या कामावर रेघ मारायचे, समोर ‘पुढील वर्षी’ लिहायचे, आणि सभागृहात बाकं वाजायची. मग पेढे. त्यात कुणाचं काय बिघडत होतं, असंच सगळे म्हणायचे.

एकोणनव्वद सालचा मार्च. सभेच्या सकाळी नाना कागद बगलेत मारून कचेरीकडे निघाले होते. आठलाच ऊन चटके देत होतं. पाण्याच्या उंच टाकीपाशी पोरांचा गाण्याचा गलका ऐकू आला, म्हणून ते वळले आणि जागीच थिजले. टाकीच्या बरोब्बर पोटाखाली, खांबांच्या मधोमध, पालिकेची बालवाडी भरली होती. एकतीस पोरं. वरच्या चिरेतून पाणी ठिबकत होतं आणि पोरं आळीपाळीने त्याखाली डोकं धरत होती.

इथे बसायला कुणी सांगितलं, असं त्यांनी बालवाडीच्या बेबाताईंना दरडावून विचारलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की पालिकेने भाडं बंद केलं, म्हणून गेल्या वर्षी खोली सुटली. मग पत्र्याच्या छपराखाली बसून पाहिलं, तर उकाड्याने पोरांच्या नाकाचा घोळणा फुटायला लागला.

“आठे बठ्ठं गार शे, नाना,” त्या म्हणाल्या. टाकीखाली खरंच सगळं गार होतं.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीच्या भाड्यावर रेघ मारली ती त्यांनीच. आणि टाकी? ओव्हरसियरने तीन वर्षांपूर्वीच लिहून दिलं होतं की सळया उघड्या पडल्यात, टाकी काठोकाठ भरू नका. ती दुरुस्ती तीनदा ‘पुढील वर्षी’ गेली होती आणि आज चौथ्यांदा जायची होती. दोन वेगळ्या पानांवरच्या त्या दोन रेघा एका जागी येऊन भेटतील, हे त्यांच्या बापजन्मी डोक्यात आलं नव्हतं. टाकी तर सकाळीच भरलेली.

त्यांनी ओरडून ओरडून पोरं बाहेर काढली, लांब कडुनिंबाखाली बसवली. पण उद्याचं काय? निंबाची पानं झडलेली. सावलीला पोरं परत इथेच येणार, हे त्यांना कळत होतं.

सभेत त्यांनी जमा वाचली, खर्च वाचला. अध्यक्षांनी हसत शिल्लक विचारली. शिपाई झुलाल पेढ्यांचा डबा घेऊन दाराशी उभाच होता. नानांच्या पेन्शनला तीन वर्षं उरली होती. माणसाला भीती वाटते हो, ती काय सांगून येते?

“शिल्लक नाही, साहेब,” ते म्हणाले. “टाकी पडायला आलीय. तिच्याखाली एकतीस पोरं बसतात. मीच बसवलीत ती.”

बाक कुणी वाजवलं नाही. अध्यक्ष भडकले, मग त्यांनी ओव्हरसियरकडे पाहिलं. ओव्हरसियरने मान खाली घातली. टाकी आजच रिकामी करायचं ठरलं, दुरुस्ती धरून अंदाजपत्रक नव्याने करायचं ठरलं, आणि बालवाडीला तोवर हेच सभागृह द्यायचं ठरलं. नानांना कारणे दाखवा नोटीसही त्याच संध्याकाळी मिळाली. नळ कोरडे पडले तसं गावाने त्यांना शिव्याही मनसोक्त घातल्या.

रात्रभर त्यांना झोप नव्हती. उजाडताच ते टाकीकडे गेले. टाकीखाली एक चिमुरडी पोरगी एकटीच उभी होती, मान वर करून, तोंड उघडून.

“नाना, आज पाणी का नाही पडत?” तिने विचारलं.

नानांनी तिला कडेवर उचललं आणि धावत सुटले. टाकी रिकामी होती. तरीही रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.