आठवं पाकीट

कपाटात सात पाकिटं निघाली. बाईंनी ती टेबलावर ओळीने मांडून पुन्हा मोजली, तरी सातच. हवी होती आठ.

बाई म्हणजे तुरुंगातल्या सुधारणा प्रकल्पाच्या प्रमुख. शिक्षण मानसशास्त्राचं, हाताखाली दोन मदतनीस, पण पहारेकऱ्यापासून कैद्यापर्यंत सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मारहाण करून आत आलेल्या आठ जणांचा गट त्या दीड वर्ष चालवत होत्या. आठवड्यातून दोनदा सगळे गोल करून बसत. एकेकाने उभं राहून आपण कोणाला काय केलं ते सांगायचं. बाकीच्यांनी शाबासकी द्यायची नाही आणि छी-थूही करायची नाही. फक्त 'ऐकलं' म्हणायचं, मग त्याने खाली बसायचं. सुरुवातीला हे ऐकून पहारेकरी तोंडावर हात धरून हसत. पुढे त्यांचंही हसू आटलं.

शेवटचा धडा पत्राचा होता. ज्याला इजा केली त्याला पत्र लिहायचं, पाकिटात घालायचं आणि कधीही पाठवायचं नाही. तीन महिन्यांनी ते लिहिणाऱ्यानेच उघडून वाचायचं. पाकिटावर खरा पत्ता स्वतःच्या हाताने घालायचा, हा हट्ट मात्र बाईंचा. पत्रात माणूस थापा मारू शकतो, पण पत्ता लिहिताना हात खरा थरथरतो, असं त्या प्रत्येक बैठकीत सांगत. मदतनिसांपैकी एकजण म्हणाला होता, कशाला विषाची परीक्षा? त्याला बाईंनी गप्प बसवलं होतं.

आता त्या आठवं पाकीट शोधत होत्या. कारण सकाळीच अधीक्षकांनी बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या सुताराने दिवे लावले."

सुतार गटातला सगळ्यात वयस्कर. तुरुंगाच्या कारखान्यात खुर्च्या बनवायचा. सहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात त्याने धाकट्या भावाला दांडक्याने इतकं मारलं, की भावाचा डावा हात कायमचा अधू झाला. भावाशी पत्र, फोन, निरोप, काहीही करायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. आणि उद्या त्याच्या सुटकेवर समिती बसणार होती.

"काल भावाचा फोन आला," अधीक्षक म्हणाले. "पत्र पोचलंय त्याच्या घरी. भाऊ हादरलाय अगदी, दाराला दोन कड्या घालून बसलाय. मी सुताराला विचारलं, तर सरळ कबूल. म्हणाला, मीच पाठवलं. आता कसली सुटका? वर्षभर अर्जसुद्धा करता येणार नाही. जित्याची खोड, मॅडम!"

ही अर्धी म्हण अधीक्षक दिवसातून चारदा वापरत. बाईंनी ती कधीच मनावर घेतली नव्हती. आज घेतली.

पाकिटं कपाटात टाकून त्या तडक कारखान्यात गेल्या. सुतार एका खुर्चीचा पाय घासत होता. त्यांना बघून उठला, हात पुसले.

"तुम्ही पाठवलंत?"

"हो."

"कसं? पाकीट माझ्या कपाटात होतं. कुलूप लावलेलं."

"पाठवलं, बाई. लिहून घ्या."

"कोणाकडून पाठवलंत?"

सुतार पुन्हा खुर्चीचा पाय घासायला लागला. खोटं बोलणारा माणूस निदान एखादं नाव फेकतो, काहीतरी रचतो. याच्याकडे काही रचलेलंच नव्हतं. पाकीट बाहेर गेलं कसं, ते आता टपालाच्या नोंदीतच बघावं लागणार होतं. त्या तिथून जावक कारकुनाकडे गेल्या.

कारकून सरळमार्गी माणूस. ट्रेमध्ये पडेल ते नोंदवायचं आणि टपालात टाकायचं, एवढाच त्याचा धर्म. कैद्यांची पत्रं उघडून तपासली जात, पण प्रकल्पाच्या खोलीतून आलेलं पाकीट कोणी उघडायचं नाही, असा नियम बाईंनीच भांडून करून घेतला होता. त्यांनी वही उलटली. सोमवार. प्रकल्प कक्ष, पाकीट एक, साधं टपाल.

"तुमच्याच ट्रेमधलं होतं, बाई," कारकून म्हणाला. "तिकीट नव्हतं, ते मी लावलं."

आणि सोमवार त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. सात पाकिटं कपाटात गेली होती, आठवं हातात होतं, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. चष्मा सापडत नव्हता. दहा मिनिटं बाई फोनवरून घरभर शोध घेत होत्या, उशीखाली बघा, फ्रिजवर बघा. चष्मा निघाला सासूबाईंच्या डोक्यावर. काखेत कळसा, म्हणत दोघी हसल्या होत्या. त्या हसण्यात हातातलं पाकीट कुठेतरी टेकवलं गेलं, कपाटाला कुलूप लागलं. एरवी मोजल्याशिवाय कुलूप न लावणाऱ्या बाईंनी त्या दिवशी मोजलं नाही.

घरी जेवताना सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "काय गं, कसे आहेत तुझे गुंड?"

"बरे आहेत, आई."

"मग तुझं तोंड का असं उतरलंय?"

बाईंनी भात चिवडला. त्यांना भीती वाटत होती, साधी, लाज वाटावी अशी भीती. याच आठवड्यात प्रकल्प आणखी तीन तुरुंगांत न्यायचा की नाही ते ठरणार होतं. वही कोणी मागितली नव्हती. कबुली आली होती, प्रकरण मिटलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि संन्याशाची तक्रारही नव्हती. फक्त त्याने कबूल का केलं, हे त्यांना कळेना.

सकाळी समितीसाठी सुताराची फाइल चाळताना ते कळलं. 'जबाबदारी स्वीकारतो का' या रकान्यात बाईंनी दर महिन्याला चारपैकी गुण दिले होते. सगळीकडे चार, एका महिन्यात दोन. त्या महिन्यात कारखान्याची काच फुटली होती, आणि सुतार गटात म्हणाला होता, मी नव्हतो तिथे. बाईंनी शेरा मारला होता, 'नाकारतो'. आठ दिवसांनी काच कोणी फोडली ते कळलं. सुतार खरंच तिथे नव्हता. गुण मात्र दुरुस्त करायचे राहून गेले. तेव्हापासून सुतार कशालाच नाही म्हणाला नव्हता, आणि त्यांनी त्याला प्रगती समजून चार-चार गुण दिले होते.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. बाजूला अधीक्षक, समोर सुतार. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. "हुकूम मोडल्याची कबुली आहे. मग विचार करण्यासारखं काही उरत नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"पत्र मी पाठवलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी, निष्काळजीपणाने, जावक ट्रेमध्ये ठेवून. वहीत नोंद आहे. खरा पत्ता लिहायला लावला मी, पाकीट उघडू नये हा नियम केला मी. ज्या भावाने कोर्टाकडून संरक्षण मिळवलं होतं, त्याच्या दारात मी ही भीती पुन्हा नेऊन टाकली. आणि यांच्यावर आळ येऊ दिला. मला काल दुपारीच कळलं होतं. मी रात्रभर गप्प बसले."

शेवटची दोन वाक्यं बोलायची त्यांनी ठरवली नव्हती. अधीक्षक त्यांच्याकडे बघतच राहिले.

अध्यक्ष सुताराकडे वळले. "मग तुम्ही का कबूल केलंत?"

सुतार चाचरला. बाईंकडे बघून मग खाली बघत म्हणाला, "पत्र माझंच होतं, साहेब. आणि मी नाही केलं म्हटलं की गुण जातात."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग निर्णय सांगितला. सुताराचा अर्ज फेटाळला नाही, पण चौकशी आणि भावाचा जबाब होईपर्यंत दोन महिने पुढे ढकलला. प्रकल्प तोवर बंद. तीन तुरुंगांचं तर आता नावच काढायला नको.

बाहेरच्या बोळात सुतार बाकावर बसला होता, शेजारी पहारेकरी. बाई त्याच्यासमोर येऊन थांबल्या. काय बोलायचं ते त्यांनी दाराशी जुळवलं होतं, ते सगळं त्या पार विसरल्या.

"तुमचे दोन महिने मी घालवले," त्या म्हणाल्या. "आणि त्या काचेच्या वेळी तुम्ही खरं बोलत होतात. मी तुमचं ऐकलं नाही."

सुताराने मान वर केली. माफ केलं असं म्हणाला नाही. असू द्या असंही म्हणाला नाही. तो बाकावर थोडा सरकला, शेजारी जागा केली.

"ऐकलं," तो म्हणाला. "बसा, बाई."