फार नवा ब्राउझर

अरिल्ये गावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रासबेरीच्या ऐन हंगामात, कामाला सुरुवात होते न होते तोच, ल्युबिंकाच्या पडद्यावरचं ‘रवाना करा’ हे बटण नाहीसं झालं. तिच्याच नव्हे, सगळ्यांच्याच. कॉम्प्युटरांनी आपणहून ब्राउझर नवा करून घेतला होता आणि गोदामाचं सॉफ्टवेअर त्याला ओळखच दाखवेना. बटण नाही म्हणजे गेटपास नाही. गेटपासशिवाय भरलेले ट्रक हलणार नाहीत. आत जागा होईना, आणि बाहेर ट्रॅक्टरांवरची ताजी रासबेरी उन्हात मऊ पडू लागली.

ल्युबिंकाने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला.

“तुमचा ब्राउझर फार नवा आहे हो मॅडम,” पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. “एखादा जुना कॉम्प्युटर बघा.”

“जुना?” मालक तिहोमीर खेकसला. “जुने सगळे शाळेला दान केले की आपण! त्या समारंभात तूच तर फुलं धरून उभी होतीस!”

दोघं तडक शाळेत गेले. शाळेला सुट्टी होती. मुख्याध्यापिका देसांकाबाई अंगणात कॉफी पीत बसल्या होत्या. तिहोमीर त्यांचाच जुना विद्यार्थी.

“दिलेलं परत मागायला आलास?”

“परत नाही हो बाई. जरा वेळ बसू द्या फक्त.”

“जरा वेळ म्हणत पाचवीत दोन वर्षं बसला होतास.”

ल्युबिंकाने हसू गिळलं. बाईंनी मात्र किल्ली काढून दिली.

शाळेचं इंटरनेट इतकं रडतखडत चालायचं, की तिथल्या कॉम्प्युटरांना नवं काही उतरवून घेणं जमलंच नव्हतं. ल्युबिंकाने तिथे गोदामाच्या सॉफ्टवेअरचं पान उघडलं. बटण जागच्या जागी! तिने ते दाबलं, आणि थोड्याच वेळात फाटकावरून फोन आला, “निघाला पहिला ट्रक एकदाचा!”

मग उरलेला हंगाम शाळेतूनच चालला. पोरांच्या बाकावर तिहोमीर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचा. “पाय आत घे,” बाई दारातून म्हणायच्या, आणि तो घ्यायचा.

हंगाम संपल्यावर, सप्टेंबरात, सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस स्वतः आला. दिवसभर खपून त्याने गोदामातल्या सगळ्या पडद्यांवर बटण आणलं.

“आता कुठल्याही ब्राउझरमध्ये चालेल,” तो अभिमानाने म्हणाला. “दाबून बघा ना!”

“आता पाठवू तरी काय?” ल्युबिंका म्हणाली. “गोदामात नुसती थंडी उरलीय.”

त्याला ते फारच आवडलं. तो खदखदून हसला. ल्युबिंकाने त्याला कॉफी करून दिली. बिचारा लांबून आला होता.