तुइलोमांनी दिलेले चाळीस

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि अजूनही धुमसते आहे. चाळीस जीबीची आहे मी! अंगावर ठसठशीत छापलंय. हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण सामोआतल्या आमच्या गावात ते मोठ्याने वाचायला कुणी धजावलं नाही.

आमच्या चर्चच्या गायकवृंदाकडे एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्याला बत्तीसच्या पुढे मोजताच येत नसे. मोठी डिस्क दिसली की तो सुरू होतानाच अडून बसायचा. म्हणून राजधानी आपियातल्या दुकानदाराने माझ्या मागच्या बाजूला एक चिमुकली क्लिप बसवली. तेव्हापासून मी निमूटपणे बत्तीसच सांगू लागले.

गावप्रमुख तुइलोमा यांनी मला वृंदाला भेट दिलं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर पुकारा झाला, "तुइलोमांकडून चाळीस!" पडद्यावर मात्र बत्तीस. आता मोठ्या माणसाची भेट कमी भरली, असं म्हणणार कोण?

मी मन लावून राबले, कौतुकही झालं. माझ्यातली सर्वांत जुनी गाणी वृंदातल्या इओसेफोने गायलेली होती. तो वारल्यावर त्याची बायको फेतू दर रविवारी जेवण उरकून यायची आणि ती ऐकत बसायची.

मग बत्तीस भरले.

"तुइलोमांना विचारू या का?" वृंद चालवणारी पेनीना म्हणाली.

"काय विचारणार? दुकानदाराने टोपी घातली का तुम्हाला, असं?" फेतू म्हणाली. "चारचौघांत त्यांना मान खाली घालायला लावायची? नको गं बाई. माझ्या म्हाताऱ्याचीच गाणी काढ. त्याचं गाऊन झालंय, पोरांना गायचंय."

पेनीनाने ती पुसली. माझ्या पोटात आठ जीबी जागा कोरी, आणि मला बोलता येत नाही! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढे नवा कॉम्प्युटर आला. तुइलोमांनी स्वतः येऊन क्लिप उपटली. पडद्यावर चाळीस.

"जुन्याला झेपत नव्हतं म्हणून लावली होती," ते म्हणाले. "जागा कमी पडली तर शाळेच्या कॉम्प्युटरला जोडा, असंही दुकानदाराने सांगितलं होतं. पण तुम्ही कुणी काही बोललाच नाहीत. मला वाटलं, पुरतंय."

"तुमची भेट होती ना," पेनीना पुटपुटली.

फेतू पडद्याजवळ सरकली. "म्हणजे ही जागा तेव्हाही रिकामी होती?"

तुइलोमांनी क्लिप खिशात टाकली.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, आपटू नका, हे तर सांगतेच. पण जागा नाही म्हणून काही पुसण्याआधी, कृपा करून, एकदा तोंड उघडून विचारा. आदर राखा, पण विचारा!

त्या जागेत आता पोरांची गाणी आहेत. फेतू अजूनही रविवारी जेवण उरकून येते. काही लाव म्हणत नाही. नुसती बसते.