तुनिसने न गाळलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी स्टिक आहे. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायच्या छोट्या पट्टीला स्टिक म्हणतात. न्यूयॉर्कच्या धक्क्याजवळ आनेत्ये फान वेसेल या विधवा बाईंचा छापखाना होता, तिथेच माझी हयात गेली. मला हातात धरणारा जुळारी म्हणजे तुनिस ब्राउअर. माणूस कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही!

१७८८ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेची नवी राज्यघटना स्वीकारायची की नाही, यावरून घराघरांत जुंपली होती. बाई घटनेच्या बाजूचे लेख छापत. लेखकाचं नाव गुप्त. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून काम झालं की हस्तलिखित चुलीत जाई. तुनिस मात्र घटनेचा कट्टर विरोधक. तो प्रत्येक ओळ मोठ्याने वाचे, तिच्याशी भांडे आणि मगच जुळवी.

"एक राजा घालवला, आता दुसरा बसवा डोक्यावर! लोकांच्या हक्कांबद्दल अवाक्षर आहे का यात?"

"अहो, तोंडाबरोबर हातही चालवा," बाई म्हणत. "ही तेरा राज्यं एकमेकांच्या उरावर बसली, तर लढाईत माझा लेक यान जाईल. त्याचा बाप गेला तेवढं पुरे झालं."

शेवटचा लेख आला, तेव्हा नदीकाठच्या वरच्या गावी प्रतिनिधी मत द्यायला जमले होते. छापलेला लेख तिकडे नेणारं गलबत दुपारच्या भरतीला सुटणार होतं. घाईघाईत बाईंनी एकही प्रत काढण्याआधीच मूळ पानं जाळली. जुळवलेले खिळे आवळून धरणाऱ्या चौकटीच्या, म्हणजे फर्म्याच्या, पाचरीही नीट ठोकल्या नव्हत्या. फर्मा उचलला मात्र, सगळे खिळे खळाखळा जमिनीवर! बाई चुलीकडे धावल्या, तिथे नुसती राख. लोखंडाची असूनही मला धडकी भरली.

तुनिस वाकून खिळे गोळा करू लागला. मग त्याने मला उचललं. "मला पाठ आहे. ज्याच्याशी इतकं भांडलो, ते विसरेन कसा?"

बाईंनी लेख घाईत एकदाच वाचला होता. आता विरोधकावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

ओळीमागून ओळ भरत गेली, आणि ते वाक्य आलं. सकाळी हे एकच वाक्य तुनिसने तीनदा वाचून न भांडताच जुळवलं होतं: 'घटनेत दोष असतील, पण ते सुधारायची वाटही तिच्यातच आहे, देश फुटला तर ती वाट कुठून आणाल?'

त्याचा हात थांबला. तेवढं गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? धक्क्यावरून खलाशांच्या हाका येत होत्या. त्याचा अंगठा माझ्यातल्या शेवटच्या खिळ्यावर अडला होता.

मग टक, टक, एकेक खिळा बसू लागला. अख्खं वाक्य, एका शब्दाचाही फरक नाही.

छापलेले कागद ओलेच गलबतावर चढले. परतल्यावर बाई म्हणाल्या, "तुनिस, उद्या तुमचं उत्तर लिहा. मी छापते."

"आणि मधलं काही गाळलंत तर?"

"तुम्ही गाळलंत का?"

थोड्याशा मतांच्या फरकाने घटना मंजूर झाली. काही वर्षांनी लोकांचे हक्कही तिच्यात लिहिले गेले. आता मी गंजले आहे, अडगळीत पडून आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढंच मागते. आणि न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं कधी तुमच्या हाती आलं, तर तुनिसचा अडलेला अंगठा आठवा. ते वाक्य गाळू नका.